नागपूरच्या उन्हाळ्यात घरी कोल्ड प्लंज टब: जानेवारी ते मे, कामाच्या नोंदी

२६ जानेवारी २०२५, रविवार

दोन आठवडे कोल्ड प्लंज टबच्या, म्हणजे पळून आल्यावर गार पाण्यात बसायच्या टबच्या, मागे लागलोय. नागपूरसारख्या गावात घरी हा प्रकार कुणी बसवला असेल तर त्याची नीट माहिती मला कुठेच सापडली नाही, म्हणून होईल तसं लिहून ठेवतो, आणि नंतर कळलेलं जुन्या नोंदीतही घालतो. पुढे कुणी हेच करायला घेतलं तर निदान माझ्या चुका तरी त्याला परत कराव्या लागणार नाहीत.

मी आणि धाकटा भाऊ दोघंही ८ जूनच्या कॉम्रेड्सला, दक्षिण आफ्रिकेतल्या अल्ट्रामॅरेथॉनला, चाललोय. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन, यंदा डाउन रन म्हणजे एकूण उताराची दिशा, जवळजवळ ९० किमी. म्हणजे आमची सगळ्यात मोठी ट्रेनिंग नेमकी मार्च-एप्रिलमध्ये येते, आणि तेव्हा फुटाळा तलावावर पहाटे साडेचारला पण अंगातून घाम गळत असतो. मागच्या वर्षी लाँग रननंतर पाय गार पाण्यात बुडवायला एक मोठा प्लास्टिकचा ड्रम वापरला. ३०० लिटर, आत बर्फ. जानेवारीत पाणी २४ डिग्रीच्या आसपास असतं तेव्हा १२ वर आणायला ३५-४० किलो बर्फात भागतं. एप्रिलमध्ये टाकीचं पाणीच ३६, मग तेच काम ६०-६५ किलो खातं, वर गाडीत वितळतो तो वेगळा. दर रविवारी ३५ किमी पळून आल्यावर बर्फ कारखान्यात जाऊन लादी आणायची, फोडायची, टाकायची, पाणी फिरवायचं. दीड तास त्यातच जातो, पाय तोपर्यंत दगड झालेले असतात.

बजेट ३ लाख ठरवलंय. बायको म्हणाली घ्यायचा तर एकदाच चांगला घ्या, दर उन्हाळ्यात नवीन भानगड नको. हे पटलं.

२ फेब्रुवारी

आज काय काय मिळतं ते बघितलं. साधारण चार जाती आहेत.

हवा भरायचा टब आणि बाजूला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन. हा सगळ्यात स्वस्त. उभा बॅरल, ज्यात चढून आत बसायचं. ॲक्रिलिक किंवा फायबरचा आडवा टब, भिंतीत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेलं. आणि स्टीलचा, हा सगळ्यात महाग.

मुंबईला कामासाठी गेलो होतो तेव्हा एका शोरूममध्ये तीन प्रकारांत कोरडाच बसून आलो. हे प्रत्येकाने करावंच. फोटोत बॅरल फार छान वाटतो, जागा पण कमी खातो. पण साडेतीन फूट उंच काठावरून पाय टाकून आत जायचं आणि परत तसंच बाहेर यायचं. ताज्या पायांनी काहीच वाटत नाही. ३५ किमीनंतर मांडीला गोळा आला असताना ओल्या फरशीवर ते करून बघायची माझी तयारी नाही. बॅरल कटाप.

अमेरिकेतल्या मावसभावाने तिकडचा एक नावाजलेला टब पाठवतो म्हटलं. ते मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, पण फ्रिक्वेन्सी ५० ची ६० होत नाही, आणि कॉम्प्रेसरला त्याचा फरक पडतो. वर भाडं आणि कस्टम्स. शिवाय उद्या बिघडला तर पार्ट कुठून आणणार? दहा मिनिटांत तो विषय संपला.

सगळे ३ डिग्रीची जाहिरात करतात. आम्हाला १२ डिग्री, ६ ते ८ मिनिटं, एवढंच हवंय. ३ डिग्रीवाल्या मॉडेलला सहज लाखभर जास्त मागतात. ज्याला तेवढं गार लागतच नाही त्याने त्या आकड्याचे पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

९ फेब्रुवारी

जागा. माझ्या डोक्यात गच्ची होती. पहाटे वारा, वर आभाळ, एकांत. मित्राचे काका स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना जाऊन भेटलो. त्यांनी कागदावर मांडलं: पाणी ३८० किलो, टब ७०, मी ७२, झाले ५२२ किलो, आणि टबचा तळ साधारण १.२ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ४३५ किलो. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, वापरातल्या गच्चीसाठी धरलेला भार साधारण १५० किलो, राहत्या खोलीला २००. काका म्हणाले, "अरे बाबू, घर १९९४ चं आहे, त्यावर आधीच हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत, बीमवर नेऊन ठेवता येईल पण त्याचा हिशोब वेगळा करावा लागेल, त्यापेक्षा खाली आंगणात ठेव ना." ऐकलं. बाल्कनीत ठेवायचा विचार करत असाल तर आधी असा माणूस गाठा, मग टब बघा.

मागच्या आंगणात जागा आहे. दुपारी बारानंतर तिथे घराची सावली येते, ते पुढे फार कामी येणार होतं, पण तेव्हा मी फक्त संत्र्याच्या झाडाजवळ छान वाटेल एवढंच बघितलं होतं.

१६ फेब्रुवारी

ओट्याचं काम. आमच्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मिस्त्री म्हणाला डायरेक्ट कॉन्क्रीट टाकू, काही होत नाही. मी म्हटलं नाही. दीड फूट माती काढली, नऊ इंच मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस केला, वर गिट्टी, मग पाच इंच कॉन्क्रीट जाळी टाकून. ओट्याला एका बाजूला उतार, आणि दीड इंची ड्रेन पाईप थेट झाडांकडे. १० दिवस पाणी मारलं. खर्च १८,५०० रुपये.

इथे एक चूक झाली. चिलरसाठी वेगळी जागा ओट्यावर धरलीच नाही. टब बसला की चिलर बाजूला बसेल असं गृहीत धरलं. बाजूला म्हणजे कुठे, हवा कुठून घेणार, कुठे सोडणार, याचा विचारच नाही. हे ११ एप्रिलला भोवलं.

२३ फेब्रुवारी

इन्सुलेशनची टेस्ट. हे मी आतापर्यंत केलेलं सगळ्यात उपयोगी काम. आमच्या रनिंग ग्रुपमधल्या एकाकडे हवा भरायचा टब आहे, ३०० लिटरचा. त्याला विनंती केली, रात्री पाणी १० डिग्रीवर आणून चिलर बंद केला, झाकण लावलं आणि आठ तासांनी मोजलं. १५.५. नंतर ॲक्रिलिकच्या टबवाल्याला हेच करून दाखवायला सांगितलं, त्यांच्या जुन्या ग्राहकाकडे, बाहेरची हवा साधारण तशीच. १० वरून ११.३, आणि त्यात पाणी ३८० लिटर.

हवेचा टब वाईट आहे असं नाही. पुण्यात, बंगलोरला, भाड्याच्या घरात तो चांगला पर्याय आहे, घडी करून नेता येतो. पण इथे एप्रिलमध्ये त्याचा चिलर जेवढं गार करेल त्यातलं अर्धं भिंतीतून परत जाईल.

विकणाऱ्याला विचारायचं ते हे: चिलर बंद, आठ तास, किती वाढलं? आकडा सांगता येत नसेल तर त्याने कधी मोजलंच नाही. झाकणाचं पण बघा. खूप टबांना भिंत दोन इंची पफची आणि झाकण म्हणजे नुसतं रेक्झिन. आमच्या टबचं झाकण दीड इंच पफचं आहे, कडेला रबर आहे.

ॲक्रिलिक पक्का केला. टब आणि झाकण १,६५,०००. सोबत त्यांचाच १ एचपी चिलर ८८,०००. ४०,००० ॲडव्हान्स दिला.

१ मार्च

वायरिंग. इलेक्ट्रिशियनने आल्या आल्या पहिलं अर्थिंग मोजलं आणि म्हणाला, "भाऊ, हे नाही चालत जी, १४ ओहम दाखवून राहिलं." जुना खड्डा, माती सुकलेली, कोळसा-मीठ कधीच वाहून गेलेलं. पाण्यात बसणार आणि पाण्याला चिकटून मोटर चालणार, तिथे हे चालवून घ्यायचं नाही. नवीन रॉड, भोवती बेंटोनाइट, २.८ ओहम आलं. वेगळी ४ स्क्वेअर एमएमची केबल, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

आरसीसीबी लावला आणि पाच मिनिटांत पडला. परत लावला, परत पडला. इलेक्ट्रिशियनला वाटलं पीसच खराब, दुसरा आणला, तो पण पडला. पूर्ण दिवस गेला. शेवटी सापडलं की पूर्वी कुणीतरी मागच्या खोलीतल्या इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल या लाइनच्या न्यूट्रलला जोडला होता. गेलेला करंट आणि आलेला करंट जुळत नाही म्हणून आरसीसीबी आपलं काम बरोबर करत होता. न्यूट्रल वेगळा केला, त्यानंतर एकदाही पडला नाही. तुमच्याकडे असं झालं आणि कुणी म्हणालं की आरसीसीबी काढून टाका मग नीट चालेल, तर त्या माणसाला घरी पाठवा.

खर्च १४,२००. दोन आरसीसीबी धरून.

८ मार्च

टब आला आणि गेटवरच अडकला.

टबची बाहेरची रुंदी ३३ इंच. घराच्या बाजूचा बोळ ३६ इंच. मी मोजला होता. पण बोळात एसीच्या आउटडोअर युनिटचा स्टँड भिंतीतून बाहेर आलाय, तिथे उरतात ३० इंच. ते माझ्या डोळ्यासमोर रोज असतं आणि तरी लक्षात आलं नाही. आडवा करून न्यावा तर ड्रेनचा व्हॉल्व्ह तुटायची भीती. टेम्पोवाला दोन तास थांबला, मग टब समोरच्या पोर्चमध्ये उतरवून गेला, आणि तिथे तो ११ दिवस पडून राहिला, गाडी रस्त्यावर. शेवटी मागच्या गल्लीतून हायड्रा क्रेन आणून कंपाउंडच्या वरून उचलून ओट्यावर ठेवला. ६,५००.

मोजताना टेप नाही, पुठ्ठ्याचा टबएवढा खोका करा आणि तो गेटपासून ओट्यापर्यंत चालवून न्या.

२२ मार्च

पाणी भरलं. बोअरचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७८० आलं आणि त्यात लोह पण आहे, टबला पिवळा पट्टा धरेल, म्हणून नळाचं. पहाटे पाचला थेट लाइनमधून भरायचं, टाकीतलं नाही, एवढ्यानेच सहा-सात डिग्रीचा फरक पडतो.

२६ वरून १२ ला यायला ४ तास २० मिनिटं. आनंद झाला. पहिला मी बसलो. पहिली ३० सेकंद श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, छाती एकदम वर ओढली जाते, आणि हेच या सगळ्यातलं धोक्याचं आहे, कारण त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर माणूस पाणी ओढतो. म्हणून आमच्याकडे नियम: एकट्याने बसायचं नाही, डोकं बुडवायचं नाही, उडी मारायची नाही, हळू उतरायचं. आईला बीपी आहे, तिला बसायची फार इच्छा होती. "मला काय होतंय, आम्ही थंडीत विहिरीवर आंघोळ करायचो," म्हणाली. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी साफ नाही सांगितलं. ती आता शेजारी खुर्ची टाकून घड्याळ लावते, आणि ते काम तिच्याइतकं चोख कुणी करत नाही.

झाकणाला कुलूप पहिल्याच दिवशी लावलं. पुतणी साडेतीन वर्षांची आहे.

एक गोष्ट मोजताना कळली. चिलरवर १२ दिसतं, डोक्याच्या बाजूला प्रोब थर्मामीटर टाकला तर १५. कारण या टबला पाणी घ्यायचं आणि सोडायचं भोक दोन्ही पायाकडे. गार पाणी तिथल्या तिथेच फिरतं. आत एक इंची पाईप कडेने डोक्यापर्यंत नेला, आता फरक अर्ध्या डिग्रीचा आहे. टब निवडताना ही दोन भोकं समोरासमोरच्या टोकांना आहेत का ते बघा. मी बघितलं नव्हतं. ३०० रुपयांचा प्रोब थर्मामीटर पण घ्या, चिलरच्या डिस्प्लेवर जाऊ नका.

३० मार्च, पाडवा

सकाळी ३८ किमी, सेमिनरी हिल्सचे चार फेरे धरून. नऊ वाजता घरी, गुढी उभारली, आणि पाणी १२ वर तयार. बर्फ आणायला जावं लागलं नाही. या एका सकाळीसाठी आतापर्यंतचे सगळे दिवस वसूल झाले असं वाटलं.

भाऊ जिम पण करतो. त्याला सांगितलंय की वजनं उचलल्यावर लगेच नाही बसायचं. २०१५ मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमध्ये आलेल्या अभ्यासात १२ आठवडे वजनं उचलल्यावर दर वेळी गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले होते. त्याचा जिमचा दिवस वेगळा, टबचा वेगळा.

६ एप्रिल

फ्लो एरर, म्हणजे पाणी नीट फिरत नाही. चिलर दर वीस मिनिटांनी बंद. मेकॅनिक आज येऊ शकला नाही, रामनवमीची शोभायात्रा, त्याचा रस्ताच बंद. म्हणून स्वतः फिल्टर उघडला तर कार्ट्रिज तेलाने चिकट झालेलं. दोन आठवड्यांत. भाऊ रनच्या आधी पोटऱ्यांना बाम चोळतो आणि मी डोक्याला खोबरेल लावतो, ते सगळं पाण्यात. आता आधी साबणाने आंघोळ, मगच टब, अपवाद नाही. कार्ट्रिज दर आठवड्याला धुवायचं, महिन्याला बदलायचं, २५० रुपये.

११ एप्रिल

मोठा फटका. आंगणात सावलीत ४३. चिलर सकाळी सहाला लावला, पाणी ३३ होतं, कारण लाइट गेल्यामुळे मशीन बंद होतं. दुपारी तीनला १६. त्यानंतर खाली जाईना. साडेचारला हाय प्रेशर ट्रिप, म्हणजे गॅसचा दाब वाढून मशीन आपोआप बंद, परत चालू केलं, परत ट्रिप.

हिशोब करून बघितला. ३८० लिटर पाणी एक डिग्री उतरवायला ०.४४ युनिट उष्णता काढावी लागते. मार्चमध्ये मशीन तासाला १.४ काढत होतं. आज ०.८. डब्यावर लिहिलंय २.३.

विकणाऱ्याला फोन केला. "सर, इंडिया में सब जगह चल रहा है, आपके यहां वोल्टेज का प्रॉब्लम होगा." व्होल्टेज संध्याकाळी १९० पर्यंत पडतं हे खरं होतं, म्हणून ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर घेतला, ९,८००. काही फरक नाही. मग रात्री मॅन्युअलचं शेवटचं पान वाचलं, बारीक अक्षरात: सभोवतालचं तापमान ५ ते ३८. ते पान ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागायला पाहिजे होतं. ३८ म्हणजे आमच्याकडे मार्चचा शेवट.

आणि दुसरी चूक माझी स्वतःची. चिलर टब आणि कंपाउंडच्या मधल्या दीड फुटाच्या खाचेत ठेवलेला. गरम हवा भिंतीवर आपटून परत आत. चिलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर ४९.

१३ एप्रिल

चिलर खाचेतून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवला, मागे तीन फूट मोकळे. तोंडाशी ४९ चे ४३ झाले. पाणी १४.५ पर्यंत उतरलं.

मग बाबा म्हणाले, कूलरची खसताटी लाव ना समोर. नागपुरात कूलर काय करतो हे लहानपणापासून माहीत आहे आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. जुन्या कूलरची एक बाजू काढली, नवीन खस भरली, वरून १८ वॅटच्या कूलर पंपाने पाणी, आणि ती ताटी चिलर हवा आत घेतो त्या बाजूला एक फूट लांब उभी केली. दुपारी तीनला ४३ च्या जागी ३३ ची हवा आत जायला लागली. ट्रिप थांबलं.

दोन गोष्टी सांभाळा. ताटी चिकटवायची नाही, पाण्याचे थेंब कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पत्र्यांवर उडाले तर क्षार बसून तो बुजतो, फूटभर अंतर पाहिजेच. आणि हे जमतं कारण आमची एप्रिलची हवा कोरडी आहे. मुंबई, कोकण, गोवा, तिथे हवेतच पाणी, तिथे याचा फायदा जवळजवळ नाही.

तरी पण १२ येईना. १३ वर अडकतं, आणि मशीन दिवसभर बंदच होत नाही.

१७ एप्रिल

हिंगण्याच्या एमआयडीसीत एक कारखाना सापडला, दुधाचे कूलर बनवणारा. गावातल्या संकलन केंद्रावर धारोष्ण दूध येतं आणि ते काही तासांत ४ डिग्रीवर उतरवावं लागतं, वैशाखात, टिनाच्या शेडखाली. माझं काम त्याच्यापुढे सोपं. मालक स्वतः बोलले, पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मला आतापर्यंत कुणी विचारला नव्हता: "मे महिन्यात दुपारी तिथे किती असतं?" म्हटलं ४६ धरा. म्हणाले, मग कंडेन्सर दीडपट घ्यायचा आणि कॉम्प्रेसर उष्ण प्रदेशाचा, पाण्याकडची कॉइल टायटॅनियमची, कारण तुम्ही क्लोरीन टाकणार.

दीड एचपी, १,२८,०००, दहा दिवस. ऑर्डर दिली.

जुना चिलर परत घ्यायला विकणाऱ्याशी चार दिवस वाद. शेवटी २५,००० कापून घेतला.

मला हे दोन महिन्यांपूर्वी कळायला पाहिजे होतं: आधी आपल्या अंगणातला मे महिना, मग तो सोसणारा चिलर, मग इन्सुलेशन आणि झाकण, आणि टब त्याच्यानंतर. मी टबच्या रंगापासून सुरुवात केली.

२० एप्रिल

मधल्या काळातला रविवार. ४२ किमी, आणि संध्याकाळी परत लादी. गोण्या, हातोडी. पाणी १३ वर असल्यामुळे १० किलोत काम झालं. चांगल्या इन्सुलेशनचा हा पण फायदा, मशीन अर्धवट असलं तरी टब वाया जात नाही.

वर हिरव्या जाळीची शेड टाकली, ११,०००. सकाळचं ऊन थेट झाकणावर यायचं, ते थांबलं.

२९ एप्रिल

नवीन चिलर बसला. बाहेर ४२, ताटी चालू. मुद्दाम पाणी ३३ वर जाऊ दिलं. १२ वर यायला ५ तास १० मिनिटं, म्हणजे तासाला १.८. ताटी बंद करून बघितलं तर पाऊण तास जास्त, पण ट्रिप नाही.

आवाज मात्र जास्त आहे. शेजारच्या काकूंची खोली कंपाउंडला लागून, त्यांना विचारून रात्री ११ ते पहाटे ४ टायमरवर बंद ठेवलाय. पाच तासांत पाणी एखाद्या डिग्रीने चढतं आणि साडेपाचपर्यंत परत उतरतं, त्यामुळे काही बिघडत नाही. चिलर घ्यायच्या आधी तो चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहून बोलून बघा.

४ मे

लाइटचा हिशोब, मीटर लावून. मार्चमध्ये दिवसाला २.४ युनिट होतं, आता ५.६. नवा चिलर बसल्यावर सुरुवातीला ७ जात होतं. कारण शोधलं तर फिरवायचा पंप. ८० वॅट, २४ तास, म्हणजे १.९ युनिट, आणि त्याची उष्णता पण पाण्यातच जाते, ती चिलरने परत काढायची. पंप १० तासांवर आणला, पाणी निर्जंतुक करणारा ओझोन त्याच वेळेत चालतो, पाणी स्वच्छ आहे. यापेक्षा कमी केलं तर तिसऱ्या दिवशी वास येतो, करून बघितलं.

आम्ही एसीमुळे आधीच ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे प्रत्येक वाढीव युनिट महागच पडतं.

आतापर्यंत गेलेले पैसे: ओटा १८,५००, वायरिंग १४,२००, टब १,६५,०००, नवा चिलर १,२८,०००, जुन्या चिलरचं नुकसान २५,०००, स्टॅबिलायझर ९,८००, हायड्रा ६,५००, शेड ११,०००, फिल्टर-टेस्ट किट-पाईप वगैरे ४,६००. एकूण ३,८२,६००. ठरवलं होतं ३ लाख. नुसत्या पैशात बघितलं तर बर्फाची लादी वर्षानुवर्षं स्वस्तच पडेल. ज्याला आठवड्यातून एकदाच बसायचंय त्याने ड्रम आणि लादीवरच राहावं, मी मनापासून सांगतो. आम्ही दोघं मिळून आठवड्यात आठ-नऊ वेळा बसतोय, म्हणून आम्हाला परवडलं.

११ मे

सात आठवड्यांनी पाणी बदललं. क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस झाकण उघडं ठेवायचं होतं, पण उघडं साचलेलं पाणी म्हणजे डासांची अंडी, महापालिकेची माणसं कूलर तपासतात ते उगाच नाही. मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं. नंतर संत्र्याला, लिंबाला आणि जास्वंदीला दिलं. ३८० लिटर उन्हाळ्यात गटारात सोडायची इच्छाच होत नाही.

रिकामा व्हायला ५५ मिनिटं लागली. टबचा व्हॉल्व्ह पाऊण इंची, माझा ड्रेन पाईप दीड इंची. व्हॉल्व्ह बदलायला टब पूर्ण कोरडा लागतो, आणि तो आज कोरडा होता, पण दीड इंचीचा सॉकेट हाताशी नव्हता. पुढच्या वेळेसाठी आणून ठेवलाय. झाकणाचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, ते पण मागवलंय.

नवीन पाणी पहाटे पाचला भरलं, २९ डिग्री. साडेनऊला ११.८. भाऊ आधी बसला, मग मी. आई शेजारी, घड्याळ तिच्या हातात, ७ मिनिटं.

कॉम्रेड्सला चार आठवडे. उद्यापासून किलोमीटर कमी करतोय. आम्ही गेल्यावर बाबा दर तीन दिवसांनी क्लोरीन आणि पीएच बघणार, त्यांना किट वापरायला आज शिकवलं, पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये, आणि खसताटीचा पंप सकाळी दहाला चालू, संध्याकाळी सातला बंद, हे चिलरच्या बाजूला भिंतीवर मार्करने लिहून ठेवलंय.